मीटर भिंतीवर, घर मागे: जमिनीतली केबल आणि अडकणारा चाचणी अहवाल

सोलापूरच्या हद्दवाढ भागात मीटर कंपाउंडच्या भिंतीवर आणि घर किंवा यंत्रमागांची शेड चाळीस-पन्नास फूट मागे, ही मांडणी नेहमीचीच. मधली केबल जमिनीतून न्यायची ठरते. मीटरपुढची वायरिंग ग्राहकाची, त्यामुळे तिचा चाचणी अहवाल नव्या वीजजोडणीच्या अर्जाला जोडावा लागतो आणि अर्ज बहुतेक वेळा तिथेच परत येतो.

त्या अहवालावर ओळखीच्या वायरमनची सही चालत नाही. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचीच सही आणि शिक्का लागतो. परवान्याची मुदत संपलेली नाही ना, हे काम देण्याआधीच बघा. चर बुजवल्यावर सहीसाठी ठेकेदार शोधत फिरणारे बरेच असतात. न पाहिलेल्या कामावर शहाणा ठेकेदार सही करत नाही, आणि जो करतो त्याच्यापासून लांब राहा.

चर खुला असतानाच ठेकेदाराला बोलवा. केबल आर्मर्ड (पोलादी तारांचं कवच असलेली) हवी, खोली किमान 75 सेंटिमीटर, वाहनं जातात तिथे 1 मीटर. खाली-वर तीन-तीन इंच चाळलेली वाळू, त्यावर विटा आणि धोक्याची पट्टी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि केबल ओढते. म्हणून केबल ताणून टाकू नका, दोन्ही टोकांना थोडी ढील ठेवा आणि चरात ती मातीच परत लोटू नका. जमिनीत सांधा शक्यतो नकोच. साधा जंक्शन बॉक्स नुसती टेप गुंडाळून पुरला, तर पहिल्याच पावसात पाणी आत जातं. सांधा टाळता येत नसेल तर रेझिन भरलेला जॉइंट किट वापरा, किंवा बॉक्स ओट्यावर जमिनीच्या वर घ्या, केबल खालून ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या तोटीतून) आत आणा. आर्मरला अर्थिंग विसरू नका. शेवटी 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) किमान 1 मेगाओहम यायलाच हवं. नव्या केबलवर आकडा याच्या आसपासच घुटमळत असेल तर कुठेतरी केबलच्या आवरणाचं सालपट निघालंय असं समजा.

कागदांत ओळखपत्र आणि फोटो सगळ्यांकडे असतात. अडतो तो मालकीचा पुरावा. गुंठेवारीच्या प्लॉटवर हातात नोटरी करार असतो आणि सातबाऱ्यावर दहा नावं. अशा वेळी मालमत्ता कराची पावती स्वतःच्या नावावर आहे का ते आधी पाहा. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतिपत्र लागेल.

महापालिका हद्दीत जोडणी 7 दिवसांत, हा नियम लोक अर्धाच वाचतात. दिवस मोजायचे ते अर्ज सर्व कागदांनिशी पूर्ण झाल्यापासून. त्रुटीचा शेरा पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खांब किंवा वाहिनी वाढवावी लागणार असेल तर ही मुदत लागू नाही. कार्यालय मात्र हे आपणहून सांगत नाही. त्रुटी कोणती, ते लेखी मागा.

दोन प्लॉटमध्ये सार्वजनिक रस्ता असेल, तर आपली केबल त्याखालून परस्पर नेऊ नका. आधी महावितरणच्या उपविभागात विचारा. रस्ता खोदायला महापालिकेची परवानगी वेगळी लागते.