बॅटरीची वायर काढली की व्हॅनचं मिसिंग जातं?

“जुनी एमपीएफआय व्हॅन झटके देते? बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा, गाडी नव्यासारखी!” हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. (एमपीएफआय म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणारं इंजिन; मिसिंग म्हणजे इंजिन अडखळून गाडीने झटके देणं.) तो पटतो, कारण वायर जोडल्यावर गाडी खरंच थोडी सुधारल्यासारखी वाटते.

होतं असं. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सेन्सर पाहून ठरवतो आणि त्यात केलेला कमी-जास्त बदल लक्षात ठेवतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत वीज तुटली की ती आठवण पुसते, सोबत फॉल्ट कोडही, म्हणजे ईसीएमने नोंदवलेली बिघाडाची खूण. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा विझतो, बिघाड मात्र तसाच. ईसीएम पुन्हा शिकला की झटके परत. शिवाय मेकॅनिकला वाचायला कोड उरत नाही, हे खरं नुकसान.

म्हणून आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. मग इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवून इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाकडे, जाणारे रबरी पाइप बघा. टोकाशी तडकलेला पाइप सुईं आवाज करतो. तिथे बोटाने दाबल्यावर आयडल बदलला, तर हवा तिथूनच शिरतेय. (फॅन आणि बेल्टपासून हात लांब.) पाइप ठीक असतील तर प्लग, अर्थिंगची वायर आणि पेट्रोलचा दाब तपासा.