४३,५६० (संख्या)

४३,५६० ही एक सम नैसर्गिक संख्या असून एका एकरात तितकेच चौरस फूट असल्यामुळे विदर्भाच्या खेड्यांत वाटणी, खरेदी-विक्री आणि लागवडीच्या हिशेबांत ती वारंवार येते. तिचे मूळ अवयव २ × २ × २ × ३ × ३ × ५ × ११ × ११ असे आहेत. त्यांतील ११ चा वर्ग इंग्रजी मोजणीतून आला आहे. इंग्रज गणितज्ञ एडमंड गंटर याने १६२० मध्ये वर्णिलेली जमीन मोजण्याची साखळी ६६ फुटांची होती आणि दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. अर्ध्या साखळीचा, म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस हा गुंठा. त्याचे १,०८९ चौरस फूट होतात आणि असे ४० गुंठे मिळून ४३,५६० भरतात.

या संख्येला ७२ विभाजक आहेत. १ ते १२ या संख्यांपैकी केवळ ७ ने तिला पूर्ण भाग जात नाही. तीन भावांत एक एकर वाटताना गुंठ्यांच्या हिशेबात प्रत्येकी १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश असा अपूर्णांक येतो, पण चौरस फुटांत प्रत्येकाच्या वाट्याला नेमके १४,५२० येतात. हिस्सेदार सात असतील तर प्रत्येकी ६,२२२ देऊन सहा चौरस फूट उरतात. प्रत्यक्ष शेतात ते धुऱ्यातच, म्हणजे बांधातच जिरतात.

४३,५६० ही पूर्ण वर्गसंख्या नाही, त्यामुळे एक एकराच्या चौरस तुकड्याची बाजू पूर्ण फुटांत येत नाही. ती सुमारे २०८.७१ फूट भरते. दहा एकरांच्या चौरसाची बाजू मात्र बरोबर ६६० फूट असते. पूर्ण फुटांत चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारा एकराचा आयत १९८ × २२० असा आहे.

शेवटचे शून्य सोडले की ४,३५६ उरतात, म्हणजे १,०८९ ची चौपट. ही संख्या उलट लिहिल्यास ६,५३४, म्हणजे १,०८९ ची सहापट मिळते. १,०८९ च्या पहिल्या नऊही पटींत हे जुळते: दुप्पट २,१७८ उलटली की आठपट ८,७१२ आणि तिप्पट ३,२६७ उलटली की सातपट ७,६२३. अंकांची इतकी देखणी रचना रोजच्या व्यवहारातल्या संख्येत क्वचितच आढळते.

लागवडीतही हेच अंक दिसतात. चार बाय एक फुटावर कपाशी टोबली तर हिशेबाने एकरी १०,८९० झाडे बसतात, तर वीस बाय वीस फुटांवरच्या संत्र्याच्या बागेत १०८.९, म्हणजे व्यवहारात १०८ झाडे धरतात.

सातबाऱ्यावर आता क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक आर सुमारे १,०७६.४ चौरस फुटांचा, म्हणजे गुंठ्याहून किंचित लहान असतो. दोन्ही एकच मानून ०.४० हेक्टरला, म्हणजे ४० आरला, पूर्ण एकर धरल्यास सुमारे ५०४ चौरस फुटांचा, जवळजवळ अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो.