श्रुतींची पेटी आणि दौऱ्यावरचा जॅझ पियानो

सतारिये आपली सतार बरोबर घेऊन फिरतात. पियानोवादकाला ती सोय नाही. गावोगावच्या जॅझ मैफलीत तो हात रिकामे घेऊन येतो आणि समोर असेल त्या वाद्यावर बसतो. टेडी वेदरफोर्ड १९२६ साली अमेरिकेहून आशियाकडे निघाला, शांघायला वाजवलं, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवलं आणि १९४५ मध्ये कोलकात्यात वारला. डेव्ह ब्रूबेक १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर भारतात आला तेव्हा मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसला. परक्या पियानोवर आपलं गाणं निघतं, कारण सगळे पियानो एकाच हिशोबानं लावलेले असतात: सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येकी १०० सेंट (सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप).

हाच हिशोब सांगली-मिरजेच्या कानाला खटकत आला आहे. मिरजेच्या तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटांवर असतो, पियानोचा ४०० वर. म्हणजे चौदा सेंट चढा. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटांचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांची, मोजणी केली, त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ मिळाली आणि ई. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या मदतीनं लंडनमध्ये श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण तिथल्या जाणकारांना ती पटली नाही. देवलांची चिकाटी मात्र आजही थक्क करते.

जॅझला ती पेटी चालली नसती, आणि यामागचं कारण शिकवणीतच कळतं. डाव्या हाताला सा, उजव्याला ग आणि कोमल नी. आता उजवा हात तसाच ठेवून डावा तीव्र मध्यमावर न्यायचा आणि त्यालाच सा मानायचं. जुना ग आता कोमल नी झाला, जुना कोमल नी ग झाला. जॅझमधले कितीतरी वळसे या एका अदलाबदलीवर उभे आहेत. शुद्ध श्रुतींवर ही जोडी दुसऱ्या बाजूला चपखल बसत नाही. नवा विद्यार्थी इथं हमखास उजवा हात उचलतो, म्हणून महिनाभर फक्त डावा हलवायचा. मग हीच जोडी अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली सरकवत बारा पट्ट्यांत फिरवायची.

सांगलीत पियानो ट्रकनं आणायचा तर मैफलीच्या आदल्या दिवशी सभागृहात पोचवावा. साधारण २३० तारा, एकूण ताण पंधरा-वीस टनांचा. पावसाळ्यात साउंडबोर्ड (तारांचा नाद मोठा करणारी लाकडी फळी) ओल धरून फुगतो, मधली सप्तकं चढतात. पट्टी फार उतरली असेल तर एका फेरीत लावू नये: पुढच्या तारांचा ताण बोर्डवर आला की आधी लावलेल्या उतरतात. पहिल्या फेरीत ढोबळ, दुसरीत बारीक. एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन फेल्टनं दाबून मधली आधी लावायची. मधल्या सप्तकाखालचा एफ आणि त्यावरचा ए एकत्र दाबले की सेकंदाला सुमारे सात हेलकावे, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू यायला हवेत. तंबोऱ्याच्या सवयीनं तिथं हेलकावा थांबवला, की पुढच्या सगळ्या पट्ट्या बिघडतात.