मुंबईतलं गे रात्रजीवन: जागेच्या शोधाचा इतिहास

मुंबईत येत्या शनिवारी गे पार्टी कुठे आहे, हे आज इन्स्टाग्रामवर दोन मिनिटांत कळतं. ठिकाण, तिकिटाचा दर, डीजे कोण, सगळं उघड लिहिलेलं असतं. त्यामुळे विशीतल्या अनेकांचा समज असा की हे सगळं ६ सप्टेंबर २०१८ नंतरचं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास सोडवल्यानंतरचं. पण या शहरात पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष त्याच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना शोधत आणि भेटत आले आहेत. त्यांची खरी अडचण जागेची होती. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, भावंडं आणि गावाहून आलेला एखादा काका झोपत असेल, तर दोघांनी निवांत बसून बोलायचं कुठे? म्हणून इथल्या रात्रजीवनाचा इतिहास सांगायचा तर कुठली जागा कुणाला, किती तासांसाठी मिळाली, हेच सांगावं लागतं.

पहिली जागा रस्त्यावरची आणि रेल्वेची. गेटवे ऑफ इंडियाजवळचा समुद्राकाठचा कठडा, गिरगाव चौपाटी, माटुंग्याचं महेश्वरी उद्यान, मोठ्या स्टेशनांवरच्या मुताऱ्या. आणि लोकल. ठरावीक गाड्यांचे ठरावीक डबे माहीतगारांमध्ये ओळखले जात. गर्दीच्या वेळी दाराजवळ उभं राहायचं, नजर एकदा भिडली की लगेच वळवायची, दुसऱ्यांदा भिडली तर पुढचं स्टेशन कुठलं ते विचारायचं. डोंबिवलीचा कारकून आणि दक्षिण मुंबईतला बडा अधिकारी यांची एरवी कधीच गाठ पडली नसती, ती तिथे पडे. या जागांना रोमँटिक रंग द्यायला मी तयार नाही. तिथे भीती होती, लूटमार होती, नको असलेले स्पर्शही होते. पण लाखभर माणसांत आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे अनेकांना पहिल्यांदा तिथेच कळलं, आणि ते कळणं फार मोठं होतं.

भीतीचं मूळ कायद्यात होतं. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेल्या कलम ३७७ मध्ये जन्मठेपेपर्यंतची तरतूद होती. खटले क्वचितच उभे राहत. धाक मात्र रोजचा. मुंबई पोलीस कायद्याचं कलम ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, हेही हाताशी असे. साध्या वेशातला शिपाई किंवा शिपायाची बतावणी करणारा कुणी बाजूला घेई, ‘घरी कळवू का?’ एवढंच विचारी, आणि घड्याळ, पाकीट, अंगठी जाई. तक्रार करायची कुणाकडे?

हे एकटेपण फोडलं ते छापील कागदाने. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन स्वतःच्या नावानिशी आपण समलिंगी आहोत हे सांगितलं. त्या काळात हे धाडस किती मोठं होतं, याची आज कल्पनाही करता येत नाही. १९९० मध्ये त्यांनी मित्रांसह समलिंगींसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केलं. ते लपतछपत हातोहाती फिरे. लेखांइतकीच वाचकांना ओढ असे ती त्यातल्या ओळखीच्या जाहिरातींची. आज ज्याला डेटिंग म्हणतात, ते तेव्हा टपालातून चाले: पत्र टाकायचं, उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची, आणि पाकीट घरातल्या कुणाच्या हाती लागू नये याची काळजी वाहायची.

मग १९९४ मध्ये समलिंगींसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला आणि सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या एका इमारतीत त्याला जागा मिळाली. माझ्या मते मुंबईच्या समलिंगी इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची घटना. एड्सच्या साथीमुळे सरकारी आरोग्ययंत्रणेला या समाजापर्यंत पोहोचायचं होतं आणि समाजाला दार लावून बसता येईल अशी खोली हवी होती. दोघांची गरज एकत्र आली. तिथे शुक्रवारी संध्याकाळी बैठका भरू लागल्या. कंडोम आणि तपासणीची माहिती असे, पण त्याहून जास्त गप्पा, भांडणं, लग्नासाठी घरून येणारा दबाव, नाचगाणं. कोती, म्हणजे बायकी वळणाची, मुलं, महाविद्यालयीन पोरं, दोन मुलांचे बाप असे सगळे एका सतरंजीवर. स्वतःला हव्या त्या आवाजात हसायची परवानगी देणारी ती खोली होती. समलिंगी स्त्रियांना तर लोकलचे डबे आणि बागाही नव्हत्या. त्यांच्यासाठी १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पुढे तो ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. त्यांच्या भेटी बहुतेक कुणाच्या तरी घरीच होत.

पब या कथेत येतो तो शनिवारपुरता. कुलाब्यात, ताजच्या मागच्या भागात आर्थर बंदर रोडवर ‘वूडू’ नावाचा पब होता. आठवड्यात एकदा, शनिवारी रात्री, तिथे गे मंडळी जमत. जागा लहान, दिवे मंद, गर्दी बेसुमार. ठाणे-विरारकडच्या पोरांपुढे घड्याळाचा प्रश्न असे. शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते, पहिली पहाटे चारनंतर. नाच ऐन रंगात आला की निघायचं, नाहीतर पब बंद झाल्यावर समुद्राकडे चालत जाऊन पहाटेपर्यंत बसून राहायचं. कित्येकांच्या घट्ट मैत्र्या नाचताना नाही, त्या पहाटेच्या तासांत जमल्या.

१९९८ मध्ये इंटरनेटवरून ‘गे बॉम्बे’ गट जमला. त्यांच्या रविवारच्या भेटी आणि पार्ट्यांनी मध्यमवर्गीय, इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांना हक्काचं ठिकाण दिलं. पण इथेच एक भेगही पडली, ती झाकून चालणार नाही. प्रवेशशुल्क, कपडे, भाषा यांनी माणसं गाळली जाऊ लागली. बायकी पेहराव करून येणाऱ्यांना काही पार्ट्यांच्या दारातूनच परत पाठवत. ज्या कोती मुलांनी रस्त्यावरचा मार सर्वांत जास्त खाल्ला, त्यांनाच नाचाच्या जमिनीवर जागा मिळेना.

त्यापुढचे टप्पे झपाट्याने आले. १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीपर्यंत समलिंगी आणि तृतीयपंथी अशा सगळ्यांचा क्वीअर आझादी मोर्चा निघाला. कित्येकांनी मुखवटे घातले होते. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ पासून दिलासा दिला आणि २०१० मध्ये ‘कशिश’ चित्रपट महोत्सव सुरू झाला. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो दिलासा काढून घेतला, तरी पार्ट्या थांबल्या नाहीत. तोवर मोबाइलवर ग्राइंडर आणि प्लॅनेट रोमिओ ही गे डेटिंगची ॲप आली होती. बाग आणि कठडा ओस पडू लागले, पण खंडणीखोरही ॲपवर आले. गोड बोलून खोलीवर बोलवायचं आणि मग चित्रफितीची धमकी द्यायची. २०१८ नंतर हॉटेलांनी दारं उघडली. अंधेरीच्या ‘किट्टी सू’ या हॉटेलातल्या नाइटक्लबमध्ये तर ड्रॅगचे, म्हणजे पुरुषांनी बायकी पेहरावात करायचे, खेळ त्याच्या थोडं आधीच रंगमंचावर आले होते. ज्या पेहरावाला पूर्वी दारात अडवत, त्याच्यासाठीच लोक आता तिकीट काढतात, याचा मला मनापासून आनंद होतो.

रात्रीपुरती जागा आज पैसे मोजून मिळते. घराचं तसं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडता येईल आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावं, असं स्पष्ट केलं. भाड्याच्या घरासाठी सोसायटीच्या कमिटीसमोर बसताना मात्र अजूनही अनेक जोडपी एकमेकांची ओळख मावसभाऊ किंवा ऑफिसातला सहकारी अशीच करून देतात.