टो पट्टा आणि झटक्याचा पट्टा

वाळूत गाडी रुतली की डिकीतून पट्टा निघतो, आणि घोळ तिथेच होतो. गेल्या वाळवंटी मुक्कामात माझ्याकडे एक पट्टा होता, मित्राकडे एक. दोन्ही पिवळे, चार बोटं रुंद, दोन्हींवर टनांचे आकडे छापलेले. अंधार पडत आला होता आणि माझी गाडी पोटावर बसली होती. त्याने त्याचा पट्टा अडकवायला घेतला. टोकांचे लोखंडी हुक दिसले तसा मी ओरडलोच, "अरे, तो नको!"

त्याचा होता टो पट्टा, पॉलिएस्टरचा. बंद पडलेली पण चाकं मोकळी फिरणारी गाडी रस्त्यावरून हळूहळू ओढत न्यायला तो बनवलेला असतो. ताणल्यावर तो फारसा लांबत नाही, आणि लांबूही नये; नाहीतर मागची गाडी गचके खात येईल.

माझा नायलॉनचा, झटक्याचा. जोर आला की हा सुमारे 20 टक्के वाढतो, म्हणजे 9 मीटरचा पट्टा जवळपास 11 मीटर होतो. ओढणारी गाडी पट्टा थोडा सैल ठेवून निघते. तिचा वेग पट्ट्यात साठतो, आणि पट्टा आकसताना रुतलेली गाडी वाळूतून उपटून काढतो.

आता हाच झटका टो पट्ट्याला दिला तर? अडीच हजार किलोची गाडी ताशी 10 किलोमीटरने निघाली तर तिच्यात साधारण 9,600 ज्यूल ऊर्जा असते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. नायलॉन ती जवळजवळ दोन मीटर ताणत पचवतो. पॉलिएस्टरला ताणायला जागाच नसते, त्यामुळे सगळा जोर क्षणात हुकवर नाहीतर गाडीच्या कडीवर येतो. त्यातलं जे तुटेल ते गोळीसारखं सुटतं. ट्रेलर जोडायच्या गोळ्यात तर कुठलाच पट्टा अडकवू नका. तो गोळा तुटून उडाल्याने माणसं दगावलेली आहेत. पट्टा मऊ शॅकलने, म्हणजे दोराच्या जोडकडीने, गाडीच्या चासिसवरच्या ठरलेल्या कडीलाच लावायचा आणि बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं राहायचं.

उलट चूक, म्हणजे झटक्याच्या पट्ट्याने रस्त्यावर गाडी ओढणं, तेवढी जीवघेणी नाही. पण मागचा ड्रायव्हर वैतागतो, आणि पट्टाही फुकट झिजतो.

रंग पाहून ओळखायला जाल तर फसाल. लेबल वाचा: कापड कुठलं, किती टक्के ताण, तुटायचा भार किती. हा भार गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन-तीन पट हवा. टोकाला शिवलेले फासे असतील तर पुढे वाचा; लोखंडी हुक दिसला तर झटक्याचा विचार सोडाच.

खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी निम्मं काम फावड्याने केलं. टायरची हवा 16 पीएसआयपर्यंत उतरवली, चाकांपुढची वाळू उपसली आणि मग एकाच झटक्यात गाडी बाहेर आली. नायलॉन ओला झाला की कमजोर होतो आणि वाळूचे कण त्याचे धागे आतून कापतात, म्हणून परतल्यावर पट्टा धुऊन सावलीत वाळवला. मित्राने मार्कर मागून घेतला आणि स्वतःच्या पट्ट्यावर ठसठशीत लिहिलं, "फक्त रस्ता."