आग, विष आणि बेन वुल्फ

‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर छोट्या फौजा मांडून फाशांनी खेळायच्या युद्धखेळात आगीला तोटा नाही. पायदळाच्या हातातल्या आग फेकणाऱ्या फ्लेमरपासून हेलहाउंड या रणगाड्याच्या इन्फर्नो कॅननपर्यंत सगळीकडे प्रोमिथियम नावाचं इंधन भसाभसा जळत असतं. पण २००९ साली खेळातल्या इम्पीरियल गार्ड या फौजेचं नवं कोडेक्स, म्हणजे नियमपुस्तक, आलं आणि हेलहाउंडला दोन भावंडं मिळाली: रणगाडे वितळवणारा डेव्हिल डॉग आणि माणसं विरघळवणारा बेन वुल्फ. बेन वुल्फवरच्या तोफेचं नाव केम कॅनन. त्या कोडेक्सच्या नियमांत तिचं वागणं थेट फ्लेमरचं होतं. तोच थेंबाच्या आकाराचा टेम्प्लेट, म्हणजे साचा, टेबलावर ठेवायचा, नेम लागला का म्हणून फासा टाकायचा नाही. बाहेर पडते ती मात्र आग नव्हे. मांस गाळून टाकणारं, चिलखत कुरतडणारं रसायन. फाशावर दोन किंवा त्याहून जास्त पडलं की समोरचा घायाळ, मग तो किरकोळ शिपाई असो की भलाथोरला राक्षस. स्पेस मरीन या खेळातल्या चिलखती योद्ध्यांचं नेहमीचं चिलखतही तिथे कामाला येत नसे.

चिपळूण-खेड पट्ट्यात हा खेळ खेळणारी आम्ही मोजकीच मंडळी. त्यातले काही लोट्याला, म्हणजे लोटे-परशुराम एमआयडीसीत नोकरीला. त्यामुळे बेन वुल्फ टेबलावर आला की एक वाद ठरलेला: ही आग समजायची की ॲसिड? आणि ॲसिड असेल तर ते रणगाड्याला का लागत नाही? कारण त्या नियमांत या तोफेचा जोर एक, म्हणजे नावापुरता. माणूस पार विरघळतो आणि शेजारच्या ट्रकवर ओरखडाही उठत नाही.

या वादाचं मूळ खेळापेक्षा बरंच जुनं आहे. लढाईत आग आणि विष दोन वेगळ्या वाटांनी आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही त्यांची घरं वेगळी आहेत. दुर्ग घेण्याच्या तेराव्या अधिकरणात अग्नियोग येतात. किल्ल्यातच घरटी असलेले पक्षी धरून, त्यांच्या शेपटीला पेटतं मिश्रण बांधून त्यांना परत सोडायची युक्तीसुद्धा तिथेच. विषारी आणि आंधळं करणारे धूर मात्र चौदाव्या, औपनिषदिक अधिकरणात. कौटिल्य काही हळव्या मनाचा माणूस नव्हे, तरी तो बजावतो की दुसऱ्या उपायाने किल्ला पडत असेल तर आग लावू नये. आगीचा भरवसा नाही, ती धान्य, जनावरं, माणसं सगळंच खाते आणि मग जिंकून हाती काय उरणार? सातव्या शतकात बायझंटाइन आरमाराने नळ्यांतून फेकलेली ‘ग्रीक आग’ पाण्यावरही जळत राहायची. तिची कृती इतकी गुप्त ठेवली गेली की ती कायमची हरवली.

आपल्या किनाऱ्यावर आगीने काय केलं हे पाहायला विजयदुर्ग पुरे. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसनच्या इंग्रजी आरमाराने तुळाजी आंग्रेंच्या या किल्ल्यावर मारा केला. एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचं कंपनीचंच, आंग्रेंनी पकडून आणलेलं. ते पेटलं, आणि एकमेकांना खेटून नांगरलेल्या गुराबा आणि गलबतं एकामागून एक पेटत गेली. त्या आगीत आंग्रेंचं आरमार संपलं. डांबर, सुकं लाकूड, शिडाचं कापड. वेगळं रसायन कशाला हवं?

दोन्ही वाटा एकमेकींजवळ आल्या त्या पहिल्या महायुद्धात, आणि तेही काही महिन्यांत. जर्मन इंजिनिअर रिचर्ड फीडलरचा फ्लामेनवेर्फर, म्हणजे ज्वालाक्षेपक, १९१५च्या फेब्रुवारीत फ्रेंचांविरुद्ध वापरला गेला. २२ एप्रिलला बेल्जियममधल्या ईप्रजवळ क्लोरीनचे सिलिंडर उघडले गेले, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरच्या देखरेखीखाली. चारच दिवसांनी तिथल्या प्रतिहल्ल्यात लाहोर डिव्हिजनच्या हिंदी तुकड्या याच वायूत सापडल्या. जमादार मीर दस्त यांना त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ३० जुलैला हूगे इथे ब्रिटिशांवर पहिल्यांदाच द्रव आग आली.

ब्रिटिश बाजूला तर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या. विल्यम हॉवर्ड लिव्हन्स हा रॉयल इंजिनिअर्समधला अधिकारी. त्याने आधी भुयारात लपवायचा एक अजस्र ज्वालाक्षेपक बनवला. सुमारे १७ मीटर लांब आणि अडीच टन वजनाचं हे धूड १९१६मध्ये सोमच्या लढाईत वापरलं. दहशत जबर, पण नेऊन मांडायचे हाल त्याहून जबर. मग त्याने उलट टोकाची गोष्ट केली: जमिनीत तिरकी पुरलेली साधी लोखंडी नळी, तिच्यात विषारी वायूचा डबा, आणि अशा शेकडो नळ्या विजेने एकदम उडवायच्या. १९१७पासून हा लिव्हन्स प्रोजेक्टर जर्मन खंदकांचा काळ ठरला. तरीही एका वेळी एकच: पेटणारं तेल नाहीतर गुदमरवणारा वायू. दोन्ही एकाच द्रवात आणणं त्यालाही जमलं नाही.

ते जमलं जर्मनीला, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर. क्लोरीन ट्रायफ्लोराइड, सांकेतिक नाव एन-श्टोफ. माझ्या मते केम कॅननचा खरा पूर्वज हाच, आणि खेळाडूंना तो फारसा माहीत नसतो. हे रसायन जळत नाही, समोरच्याला जाळतं. ऑक्सिजनचं काम फ्लोरीन करतं आणि जास्त जोमाने करतं, त्यामुळे लाकूड आणि कापड तर सोडाच, वाळू, काँक्रीट आणि ॲस्बेस्टॉससुद्धा याच्या संपर्कात पेट घेतात. ठिणगी लागत नाही. पाणी मारलं तर स्फोटासारखी अभिक्रिया होऊन हायड्रोफ्लोरिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. म्हणजे आग, विष आणि गंज, तिन्ही एकाच डब्यात. उकळणबिंदू साधारण १२ अंश सेल्सिअस, म्हणजे कोकणात दापोलीतली एखादी कडाक्याची पहाट सोडली तर हे बारमाही वायूच.

बर्लिनच्या पूर्वेला फाल्केनहागेन इथे यासाठी जमिनीखाली कारखाना उभारला गेला. युद्ध संपेपर्यंत तिथे साधारण तीस ते पन्नास टन माल निघाला, आणि १९४५मध्ये रेड आर्मी येऊन पोचली. लढाईत तो कधीच वापरला गेला नाही. यात दयामाया नव्हती. जे रसायन शत्रूच्या बंकरची भिंत पेटवतं, ते आपल्या तोफखान्यातही तेच करणार. आज त्याचा उपयोग होतो तो चिप बनवणाऱ्या कारखान्यांत, यंत्रांच्या पोटातली पुटं साफ करायला.

मुंबई-गोवा महामार्गावर केमिकलच्या टँकरमागे ज्यांनी तासन् तास गाडी हाकली आहे त्यांना त्याच्या पाठीवरची पाटी पाठ असते. त्यावर चार आकडी यूएन नंबर असतो. १८३० म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, आणि सोबत आठव्या वर्गाचं चित्र: दोन नळ्यांतून द्रव सांडतोय, एकीकडे धातू खातोय, दुसरीकडे हात. क्लोरीन ट्रायफ्लोराइडचा नंबर १७४९, आणि त्याला एक चित्र पुरत नाही. विषारी वायूची कवटी, ऑक्सिडायझरची वर्तुळावरची ज्योत आणि तोच खाल्लेला हात, अशी तीन चित्रं लागतात. बेन वुल्फ रंगवणाऱ्यांनी हिरवा चमकता रंग ओतण्याआधी ही तीन चित्रं टाकीवर काढून पाहावीत. शिवाय पावसाळ्यात इथे प्राइमर फसफसतो, तेव्हा खडबडीत, गंजलेली टाकी आपोआपच मिळते.

कायद्याने मात्र भिंत तशीच ठेवली. विषारी अस्त्रांसाठी १९२५चा जिनिव्हा प्रोटोकॉल आणि १९९३चा रासायनिक अस्त्रबंदी करार. आगीच्या अस्त्रांसाठी वेगळा, पारंपरिक अस्त्रांवरच्या १९८०च्या कराराचा तिसरा प्रोटोकॉल. मध्ये लोंबकळतो तो पांढरा फॉस्फरस. साधारण ३० अंशाला हवेत आपोआप पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. चिपळुणात मे महिन्यात त्याला काडीचीही गरज नाही. अंगावर पडला तर हाडापर्यंत जळत जातो, शरीरात भिनून यकृत-मूत्रपिंडही बिघडवतो. पण धुरासाठी वापरला असं म्हटलं की त्या प्रोटोकॉलच्या व्याख्येतून निसटतो.

खेळाच्या लेखकांनी हीच फट रुंद केली. वॉरहॅमर ४०,००० निघालं १९८७मध्ये, इंग्लंडमधून, आणि पहिल्या महायुद्धाची सावली त्यावर दाट आहे. खेळातल्या डेथ कोर्प्स ऑफ क्रीग या पलटणीचे वायूपासून बचावाचे मुखवटे आणि लांब कोट पाहिले की वेगळा पुरावा नको. पण सगळ्यात पुढे गेलं ते २०१२नंतरच्या होरस हेरेसी या त्याच खेळाच्या उपमालिकेतलं फॉस्फेक्स नावाचं अस्त्र. नावात फॉस्फरस, वागण्यात ग्रीक आग, अंगात एन-श्टोफ. पांढरट हिरवी ज्वाला, पाण्याने विझत नाही, निर्वात पोकळीतच मरते, आणि जिथे हालचाल दिसेल तिकडे सरपटते. निदान तशी आख्यायिका आहे. डेथ गार्ड या फौजेचा प्रमुख मॉर्टेरियन फॉस्फेक्सचे बॉम्ब स्वतःजवळ बाळगतो. नियमही गोष्टीला धरून होते. स्फोटाचा टेम्प्लेट ठेवल्यावर तो दोन इंच सरकवून आणखी माणसं गाठता यायची, आणि मग तो टेम्प्लेट टेबलावर तसाच राहायचा, धोकादायक जमीन म्हणून. मला हा नियम सगळ्या संचातला सर्वात प्रामाणिक वाटतो. दाभोळच्या खाडीत मासेमारी करणारा कुणीही सांगेल की रसायन सांडून संपत नाही, ते उरतं.

उरला आमचा जुना वाद. नियम लिहिणाऱ्यांचं कारण सरळ असणार. रणगाडे फोडायला डेव्हिल डॉग दिलाय, मग बेन वुल्फनेही तेच केलं तर तिसरी गाडी विकत कोण घेणार? पण लोट्याच्या मंडळींनी दिलेलं उत्तर मला जास्त पटतं. ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड साध्या लोखंडी टँकरमधूनच येतं. आतून लोखंडावर सल्फेटचा पातळ थर धरतो आणि पुढची झीज थांबते. एन-श्टोफही पोलादात साठवतात ते अशाच फ्लोराइडच्या थराच्या भरवशावर. माणसाच्या कातडीवर असा थर धरत नाही. लोखंडाला खरा धोका पाणी शिरलं तर, कारण पातळ झालेलं ॲसिड त्याला खायला लागतं. म्हणून आमच्याकडे आता एक घरगुती नियम आहे: टेबलावर नदी किंवा खाडी मांडलेली असेल आणि गाडी पाण्यात उभी असेल, तर केम कॅननचा जोर एकाचा सहा धरायचा. कोकणातल्या टेबलावर पाणी नसेल असा डाव सहसा होत नाही.