टेक्स्ट फाइल प्रक्रिया

टेक्स्ट फाइल प्रक्रिया : साध्या मजकुराची फाइल ओळीओळीने वाचून तीतील माहिती निवडणारा, बदलणारा किंवा मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत. अशा फाइलमध्ये अक्षरांचे संकेतांक आणि ओळ संपल्याची खूण एवढेच असते. फाँट, रंग, मांडणी यांची नोंद नसते. त्यामुळे दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅमही उपयोगी पडतो.

उगम : ‘एक नोंद, एक ओळ’ ही कल्पना संगणकापूर्वीची, भोके पाडलेल्या कार्डांच्या (एका कार्डावर एक नोंद) काळातली आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी अशी कार्डे वापरली. ती त्यांना कशावरून सुचली, याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार मूळ प्रेरणा जकार्ड मागाची, म्हणजे भोकांच्या पत्त्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची (सुमारे १८०१–०४). सोलापुरी चादरीची नक्षी जकार्डच्या पत्त्यांवरून उमटत आल्याने हे मत येथील वाचकाला जवळचे वाटणे साहजिक आहे. परंतु हॉलरिथ यांनी स्वतः आगगाडीच्या कंडक्टरने तिकिटावर पाडलेल्या भोकांचा उल्लेख केला आहे, आणि जकार्डचा थेट वारसा चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रात अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून हॉलरिथ यांच्यापुरते कंडक्टरचे मत अधिक ग्राह्य वाटते. आयबीएम या कंपनीचे ८० स्तंभांचे कार्ड १९२८ चे. ८० अक्षरांच्या ओळीचा प्रघात त्यावरून आला असे सामान्यतः मानतात.

आजची साधने मुख्यतः अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील युनिक्स या संगणक-प्रणालीच्या कामातून निघाली. केन टॉम्प्सन यांचे हव्या त्या ओळी शोधणारे ‘ग्रेप’ साधारण १९७३ चे, ली मॅकमहन यांचे मजकूर बदलणारे ‘सेड’ १९७३–७४ च्या सुमाराचे, तर आहो, वाइनबर्गर व कर्निगन यांचे ओळीचे तुकडे करून त्यांवर काम करणारे ‘ऑक’ १९७७ चे. पुढे पर्ल (१९८७) व पायथन (१९९१) या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आल्या.

कार्यपद्धती : समजा, चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे मागणीची फाइल आहे आणि तीतील एक ओळ ‘टॉवेल,५०,बार्शी’ अशी आहे. प्रोग्रॅम ओळ वाचतो, स्वल्पविरामावर तिचे तुकडे करतो आणि ५० हा आकडा बार्शीच्या बेरजेत मिळवतो. एका वेळी एकच ओळ स्मृतीत असल्याने फाइल कितीही मोठी असली तरी अडत नाही. अडते ते बारीकसारीक ठिकाणी. विंडोजमध्ये ओळीअखेर दोन चिन्हे असतात, लिनक्समध्ये एकच. जादा चिन्ह काढले नाही तर ते ‘बार्शी’ला चिकटून राहते आणि फाइलमध्ये दोन्ही प्रकारच्या ओळी असल्यास बार्शीच्या दोन वेगळ्या बेरजा निघतात. देवनागरी अंक पायथनचे पूर्णांक-रूपांतर ओळखते. ऑक मात्र ‘५०’ची किंमत शून्य धरते व चूक झाल्याचा इशाराही देत नाही.

मराठी मजकूर : हा विषयाचा सर्वांत महत्त्वाचा आणि पाठ्यपुस्तकांत सर्वांत उपेक्षित भाग होय. ‘सोलापूर’ वाचताना चार अक्षरे दिसतात. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतावलीत मात्रा वेगळ्या धरल्याने त्यांचे सात संकेतांक होतात, आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत २१ बाइट (साठवणीची एकके) होतात. त्यामुळे ‘लांबी किती’ याचे उत्तर प्रोग्रॅम काय मोजतो यावर अवलंबून असते.

शोधातही व्याकरण आड येते. सामान्यरूपात दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, म्हणून ‘सोलापूर’ शोधल्यास ‘सोलापुरात’, ‘सोलापुरी’, ‘सोलापूरकर’ यांपैकी फक्त शेवटचा शब्द सापडतो. पंढरपूरचेही तसेच. उपाय सोपा आहे : रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (पर्यायांसह शोधाचा नमुना लिहिण्याच्या पद्धतीत) ‘प’नंतर दोन्ही उकार चालतील असे लिहावे. जुन्या लिखाणातील ‘शोलापूर’ही हवे असेल तर आरंभी स किंवा श. पर्याय कंसात लिहितात; अशा वेळी कंसानंतर सुटी मात्रा आल्याने पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. ती चूक नव्हे.

‘व्यापाऱ्याने’मधील ऱ्या दोन प्रकारे साठवलेला आढळतो : ऱ व हलन्त यांनी, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. डोळ्याला दोन्ही सारखे, प्रोग्रॅमला वेगळे. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने (पर्यायी रूपे एकसारखी करण्याच्या ठरीव पद्धतीने) हा भेद मिटत नाही; मोजणीपूर्वी एक रूप दुसऱ्यात बदलावेच लागते. संकेतांकांनुसार वर्णानुक्रम लावला तर ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, मराठी परंपरेप्रमाणे ‘ह’नंतर नाही.

युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचाच असतो. त्या-त्या फाँटाच्या तक्त्यानुसार रूपांतर केल्याशिवाय त्यावर वरीलपैकी काहीही लागू होत नाही.

इतर लिप्या : सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू बोलल्या जातात. कन्नड व तेलुगू यांचे युनिकोडमधील गट निरनिराळे असल्याने मिश्र फाइलमधील ओळी लिपीनुसार वेगळ्या करता येतात. उर्दू उजवीकडून डावीकडे दिसते, परंतु फाइलमध्ये वाचनाच्याच क्रमाने साठवली जाते.